पन्नास फुटांच्या आत

१२ मे

पोचलो एकदाच्या. घाटात पलंगाचा एक पाय ट्रकमधून निसटला आणि दरीत गेला. लोमा म्हणाली, जाऊ दे, त्या कोपऱ्याला विटा लावू, आपण दोघी काही एवढ्या जड नाही. म्हणाली म्हणजे हातांनी म्हणाली. माझी ही थोरली बहीण चार वर्षांची असताना गोवरात तिचे कान गेले. तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यात जास्त बडबड तिच्या हातांची.

घर छान आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणीघर. मागची खिडकी उघडली की समोर धरण. धरण म्हटलं की मला सिमेंटची भिंत डोळ्यांपुढे यायची. इथल्या लिक फोर्क ओढ्याचं धरण मातीचं आहे, अंगभर गवत पांघरून आडव्या झोपलेल्या टेकडीसारखं. वर चढून गेलं तरच पलीकडचं पाणी दिसतं. खाली दरीत शाळा, चर्च, पेट्रोल पंप, आणि ओढ्याच्या काठानं घरं.

फर्निचरचा कारखाना बंद पडल्यापासून मी एका जागी टिकलेली नाही. हॉटेलात भांडी घासली, कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं काढली. चार भिंतींत मला कोंडल्यासारखं होतं, हातपाय नुसते चाळवत राहतात. इथलं काम उघड्यावर आहे, राहायला घर आहे आणि वर मुकादम एकच. आणखी काय हवं?

लोमानं रात्री मक्याची भाकरी आणि घेवडा केला. दिवस संपला तरी डोंगरामागे उजेड होता. पडवीत बसून दोघींनी पाय पसरले. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१४ मे

हॉबर्टनं आज मशीन ताब्यात दिलं. हॉबर्ट म्हणजे पाणीखात्याचा मुकादम. साठीचा, एक खुबा निकामी, गालात कायम तंबाखूची गोळी. त्याला उतारावर उभं राहता येत नाही, म्हणून तो खालून ओरडतो.

आधी त्यानं मला विचारलं, धरणावरचं गवत का कापायचं, ठाऊक आहे का? मी म्हटलं, शोभेसाठी. तो हसला नाही. म्हणाला, गवत वाढलं की ग्राउंडहॉगची, म्हणजे त्या जमीन पोखरणाऱ्या घुशीसारख्या प्राण्यांची, बिळं दिसत नाहीत. झुडपं वाढली की त्यांची मुळं भरावात शिरतात आणि मुळांच्या वाटेनं पाणी येतं. ओल कुठे फुटली हे उघड्या मातीवरच कळतं. "हे गवत आहे ना, व्हर्ना, ते खालच्या लोकांच्या उशाशी आहे," असं म्हणाला.

मग मशीन. लांब दांडा, एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, दुसऱ्याला पातं. साध्या गवताला पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावायची, काटेरी झुडपांना आणि कोवळ्या झाडांना पोलादी पातं. रोज सुरू करण्याआधी पात्याचा नट हातानं तपासायचा, पात्याला चीर नाही ना बघायचं, वरचं झाकण घट्ट आहे ना बघायचं. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही, आणि जिथे ओतलं तिथेच इंजिन सुरू करायची दोरी ओढायची नाही, दहा पावलं लांब जायचं. कापायच्या जागेवरून आधी चालून यायचं. तार, बाटली, दगड, जे असेल ते उचलायचं, कारण पातं दगड बघत नाही, तो उडवतं. उतारावर आडवं चालायचं. उजवीकडून डावीकडे कापायचं. पात्याच्या पुढच्या उजव्या कडेनं जाड खोड छेडलं तर मशीन उलटं अंगावर येतं. जाड बूट, जाड विजार, तोंडावर जाळी, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड वाट्या.

एवढं सगळं तो तंबाखू चघळत, पाढे म्हटल्यासारखं बोलला. शेवटचं मात्र त्यानं गोळी थुंकून सांगितलं. मशीन चालू असताना पन्नास फुटांच्या आत माणूस नको. कुणीही नको. आत कुणी दिसलं की इंजिन बंद, पातं थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि मगच वळायचं. कानांवर वाट्या असतात, मागून कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही. मग तो माणूस जवळ येऊन खांद्यावर हात ठेवतो. आपण दचकून वळतो, आणि आपल्याबरोबर पातंही वळतं.

मी विचारलं, असं कधी झालंय का इथे? त्यानं टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. म्हणाला, तुझ्या आधी इथे गवत कापणाऱ्या माणसाच्या हातून अपघात झाला होता. कसला, ते बोलला नाही.

१८ मे

लोमाची शिकवणी घेतली. तिला माणसाला बोलवायची एकच रीत माहीत आहे, मागून जाऊन खांद्यावर हात. आईला, पाद्रीबाबांना, दुकानदाराला, सगळ्यांना. लहानपणी मी तिच्या हाताची इतकी सवय करून घेतली की अजून कुणाचा धक्का लागला तरी मी आधी ओठ नीट दिसतील असं तोंड वळवते.

तिला धरणावर नेलं. पायवाट वर चढते तिथे एक पांढरा खांब आहे. तिला सांगितलं, या खांबाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. समोरून यायचं, इथे उभं राहायचं, पिवळं फडकं हलवायचं, आणि मी मशीन खाली ठेवून दोन्ही हात वर केल्याशिवाय हलायचं नाही. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिचे हात चालू झाले. बरं झालं, घरात राणी आली. आता जेवायला वाढायचं तरी दरबारात झेंडा दाखवून येऊ ना? की गुडघ्यावर बसू?

मी हसले नाही तेव्हा तिनं माझा चेहरा नीट वाचला, आणि खांबाला हात लावून मान डोलावली. तिला एकदा पटलं की पटलं.

२३ मे

पूर्वेकडचा अर्धा उतार झाला. कामात मन रमतं. पातं झुडपात शिरतं तेव्हा दांड्यातून एक थरथर वर येते, दंडापर्यंत. मशीन बंद केलं तरी हात तासभर गुणगुणत राहतात. काल चहाच्या कपात लाटा उठत होत्या. लोमानं माझी बोटं तिच्या दोन्ही तळव्यांत धरली आणि म्हणाली, आत माशी अडकल्यासारखं वाटतंय. हॉबर्टला सांगितलं तर म्हणाला, दांडा एवढा आवळू नकोस, आणि अधूनमधून थांबून हात झटक.

आज एक गंमत झाली. कापता कापता डाव्या बाजूला वर, तोंडावरच्या जाळीच्या कडेला, कुणीतरी उभं असल्यासारखं दिसलं. शिकवल्याप्रमाणे इंजिन बंद केलं, पातं थांबू दिलं, वळले. कुणी नाही. नुसतं कमरेएवढं न कापलेलं गवत. त्या जागी जाऊन बघितलं तर गवत दोन ठिकाणी चेपलेलं होतं, शेजारी शेजारी. हरीण असेल. इकडे हरणं खूप आहेत. पण हरीण चार पायांवर उभं राहतं, हे मला आता लिहिताना सुचतंय.

२८ मे

पुन्हा तेच, तीन दिवसांत अनेकदा. इंजिन बंद केलं की काही नाही. चालू केलं, मान खाली घातली, दोनचार हात मारले की कडेला ते. कायम न कापलेल्या गवतात, कायम मागच्या अंगाला. दर वेळी थांबते, वळते, जाऊन बघते. दर वेळी गवत चेपलेलं. आणि पहिल्या दिवसापेक्षा जवळ.

हॉबर्टला सांगितलं. तो म्हणाला, जाळीतून बघणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी दिसतं, घाम डोळ्यांत जातो. त्याला एकदा जाळीत त्याची सासू दिसली होती, आणि ती तर तेव्हा फ्लोरिडात होती. मी हसले. तो हसत होता तरी माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागच्या उतारावर बघत होता.

जाळी धुतली. नवी घामपट्टी बांधली.

४ जून

घाम नाही.

आता मला त्याचा आकार कळतो. माणसाएवढं. हात खाली सोडलेले. तोंड आहे की नाही ते सांगता येत नाही, कारण सरळ बघायला गेलं की राहत नाही. हलताना कधी दिसलं नाही. मी दोन पट्टे कापून मान उचलते तेव्हा ते मघापेक्षा जवळ उभं असतं, एवढंच. गवतावर वारा असतो, सगळं गवत एका बाजूला झुकतं, आणि त्याच्याभोवतीचं तेवढं झुकत नाही.

सारखी थांबत असल्यामुळे काम मागे पडलंय. आज हॉबर्ट खालून ओरडला, "अगं, तुला गवत कापायला ठेवलंय, गवताशी गप्पा मारायला नाही." महिनाअखेर सरकारी माणूस तपासणीला येणार, तोवर अख्खा उतार बोडका दिसला पाहिजे. शिवाय पायथ्याशी एक ओल आलीय. नुसत्या पावसाची आहे की आतली, ते वरचं कापल्याशिवाय कळणार नाही. हॉबर्ट बुटाच्या टाचेनं ती माती दाबून बघत होता. पाणी वर आलं तेव्हा त्यानं चटकन पाय काढून घेतला.

झोप लागत नाही. लागली तरी हात गुणगुणतात.

९ जून

रविवार. चर्चनंतर मागच्या हिरवळीवर सगळ्यांनी आणलेलं जेवण होतं. लोमानं भाजलेल्या ॲपल पायचं कौतुक झालं. मी कुठे राहते हे कळल्यावर मात्र टेबलावरच्या बायका एकदम वाढायच्या कामाला लागल्या. एकजण भांडी विसळताना माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिनं हलक्या आवाजात सांगितलं.

माझ्या आधी गेदर नावाचा माणूस होता. बारा वर्षं त्यानं ते धरण कापलं. एका दुपारी त्याची बायको, इनेझ, त्याला गार पाणी घेऊन वर गेली. त्यानं मशीन थांबवलं नाही, पातं तिला लागलं आणि ती जागीच गेली. ती बाई म्हणाली, त्याआधी महिनाभर तो सांगत फिरायचा की मागे कुणीतरी उभं असतं. दर दोन मिनिटांनी मशीन थांबवायचा. मग लोक हसायला लागले, मुकादमानं झापलं, आणि त्यानं थांबणं सोडलं. शेरीफनं अपघात लिहिला. गेदर तुरुंगात गेला नाही. पेट्रोल पंपामागे पुतण्याच्या खोलीत असतो. कुणाशी बोलत नाही.

मी विचारलं, तो मुकादम कोण? तिनं विसळलेली ताटली परत विसळायला घेतली. मुकादम एकच आहे ना गं इथे, म्हणाली.

१२ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी ठरवलं, आज थांबायचं नाही. दिसलं तर दिसू दे. आत्तापर्यंत त्यानं मला काय केलं? काही नाही. मग मी का नाचू त्याच्या तालावर? मान खाली, उजवीकडून डावीकडे, उजवीकडून डावीकडे. ते होतंच. दोन हात मारले की जवळ, आणखी दोन हात, आणखी जवळ. मी बघितलं नाही. थोड्या वेळानं तर बरंच वाटायला लागलं, दुखरा दात सुन्न व्हावा तसं. आठवड्याचं काम सकाळीच उरकलं. खालून हॉबर्टनं टोपी हलवून शाबासकी दिली.

मग कडेला पुन्हा काही हललं. म्हटलं, हलू दे. पुन्हा हललं. मी पट्टा संपवला, दुसरा धरला, तोही संपवला, आणि पेट्रोल संपत आलं म्हणून इंजिन बंद केलं.

खांबापाशी लोमा उभी होती. पिवळं फडकं हातात. दंड दुखायला लागला म्हणून तिनं फडकं दुसऱ्या हातात घेतलं होतं. तिचा चेहरा लाल झालेला. किती वेळ हलवते आहे, म्हणाली, तू माझ्याकडे बघितलंस, आणि तरी कापत राहिलीस.

मी बघितलं होतं. तेच तर.

ती खांबापाशी थांबली कारण ती लोमा आहे. दुसरं कुणी असतं तर कंटाळून पुढे आलं असतं, मागून आलं असतं, खांद्यावर हात ठेवला असता. मी तिथेच गवतात बसले. लोमा रागावली होती ते विसरली, शेजारी बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, ते आत्ता आहे का? मी म्हटलं, मशीन बंद आहे, आत्ता नाही. तिनं तरी मान वळवून उतार वरपासून खालपर्यंत बघून घेतला.

ते मला थांबायची सवय मोडायला शिकवत होतं. दुसरं काही नाही. आता कितीही वेळा थांबावं लागलं तरी थांबेन.

१४ जून

गेदरांना भेटून आले. पंपामागची खोली, एक खाट, एक खुर्ची, खिडकीला ब्लँकेट ठोकलेलं. मी धरणावर काम करते म्हटल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः खाटेवर बसले, पाठ भिंतीला अगदी चिकटवून. त्यांनी माझं नावही विचारलं नाही. विचारलं, "कुठवर आलंय?"

मी सांगितलं, हात लांब केला तर लागेल, एवढ्यावर.

ते म्हणाले, तू थांबतेस का दर वेळी? मी म्हटलं, एक दिवस नाही थांबले, आता थांबते. त्यावर त्यांनी मान हलवली, पण बरं केलंस अशी नाही. दमलेल्या माणसासारखी.

ते काय आहे म्हणून विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या आधी जो होता तो काम अर्धं टाकून गेला होता, का गेला ते त्यांनी विचारलं नव्हतं. आज वाटतं विचारायला हवं होतं, म्हणाले. "मला त्यानं कधी बोट लावलं नाही, पोरी. माझ्याशी त्याचं काही नव्हतंच."

मी उठले तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. म्हणाले, लोक म्हणतात मी थांबवलं नाही. मी थांबवलं होतं. इंजिन बंद केलं होतं, मशीन खांद्याच्या पट्ट्यातून काढून गवतात ठेवलं होतं. इनेझला वर यायची खूण मी स्वतः केली. शेरीफला सांगितलं, जज्जला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं. कुणाला पटलं नाही.

मलाही नाही पटलं. माणसाला स्वतःशी जगायला काहीतरी लागतं. मी त्यांचा हात हातात घेतला, दाबला, आणि आले. त्यांचेही हात गुणगुणत होते, इतके महिने मशीन न धरता.

१६ जून

हॉबर्टला सांगितलं, सोडते. त्यानं वाद घातला नाही. पडवीच्या पायरीवर बसला. बायकोच्या बागेतले टोमॅटो आणले होते, ते देऊन उठायचं विसरला. म्हणाला, गेदरला मी झापलं होतं, ते मला माहीत आहे. तुला नाही झापणार.

पण वरचा एक पट्टा राहिलाय. ओलीच्या नेमका वर. परवा रात्रीपासून मोठा पाऊस सांगितलाय. तिथे बीळ असलं आणि दिसलं नाही तर भराव आतून खाल्ला जाईल, आणि खाली शाळा आहे. बाहेरून माणूस मागवायला आठवडा जाईल. "एक सकाळ, व्हर्ना. खुब्यानं साथ दिली असती तर मीच चढलो असतो गं."

हो म्हटलं. काय म्हणणार?

लोमाला बजावलंय, परवा तू वर यायचं नाही. काहीही झालं तरी. घरात राहा, सामान बांध. दुपारी निघू. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, पण खिडकीतून बघेन.

१८ जून

पहाटेच उठले. सामान बांधून झालं. वही डब्याच्या पिशवीत ठेवलीय, वर बसून लिहिते आहे. पट्टा चालून आले. एक बाटली, थोडी तार. नट तपासला. ढग आहेत, वारा नाही.

*

अर्धा झाला. बीळ सापडलं, चांगलं खोल. लाल झेंडी रोवली. खाली हॉबर्टला हातवारे करून दाखवलं, तो वाळू आणायला गाडी घेऊन गेला.

ते माझ्या अगदी मागे आहे. आता कडेला दिसत नाही. कापलेलं गवत अंगावर उडतं, माझ्या पाठीमागे पडायला हवं तिथे ते पडत नाही. दर चार हातांना थांबते. दर चार हातांना.

*

थोडंच उरलंय. दोरी तीनदा ओढावी लागली.

*

संपलं. संपलं सगळं.

इंजिन बंद केलं. पातं थांबेपर्यंत उभी राहिले. मशीन खांद्याच्या पट्ट्यातून काढलं, मागे गवतात ठेवलं. वाट्या काढल्या. किती शांत आहे. खाली बसले, वही काढली. पाच मिनिटं बसून मग उत—

*

खांद्यावर हात आहे.

मशीन बंद आहे. बंद असताना ते नसतं. कधीच नसतं. म्हणजे लोमा. लोमाच, दुसरं कोण असं—

लोमा समोर आहे. खाली, पायवाटेवर. धावत येतेय. फडकं नाही हातात.

मान वळवत नाही. लिहिते आहे. लिहिताना मान खाली राहते. हात जड नाही. गारही नाही. नुसता ठेवलेला.

*

दोन्ही तळवे पुढे केले. थांब. ती थांबली, खांबापाशी. शहाणी माझी. तिची बोटं भराभर चालताहेत, नीट वाचता येत नाहीत. मागे, म्हणतेय. तुझ्या मागे. खिडकीतून दिसलं. वाकलंय. वाकून काय—

मशीनची दोरी. कुणीतरी दोरी ओढली. खर्र— लागलं नाही.

हात अजून खांद्यावर आहे. मग दोरी कुणी—

तिला ऐकू येत नाही. मी रडतेय, ते मात्र दिसतंय. तिनं खांब सोडला. नको. परत दोरी. तळवे पुढे केले, थांब, लोमा, थांब. ती बघत नाहीये माझ्या हातांकडे, ती माझ्या मागे बघतेय, आणि येतेय, मला घ्यायला येतेय—

इंजिन लागलं.

हात खांद्यावरून निघाला. मशीन माझ्या शेजारून पुढे चाललंय, गवत चेपत, खाली, तिच्या दिशेनं. वही टाकते, मी मध्ये—